चार बोटांचे अंतर

नगरहून मनमाडकडे जाणारा हमरस्ता विळदचा घाट ओलांडून, देहरे आणि कृषी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर मागे टाकून, मुळा नदीच्या पुलावरून राहुरीत शिरतो, आणि गाव सुटले की थोड्याच वेळात त्या वस्तीपाशी येतो, जिला सारा तालुका ‘राहुरी फॅक्टरी’ एवढ्याच नावाने ओळखतो. त्या रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या ज्या अनेक शेडी आहेत त्यांपैकी एकीत, गेल्या हिवाळ्यात, मी एका कारागिराला एका लहानशा जुन्या मोटारीच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसलेला पाहिला. गाडी तिच्या तरुण मालकाने इतकी खाली बसवून घेतली होती की टायरचा माथा मडगार्डच्या कमानीआड गेला होता. कारागिराने उजव्या हाताची चार बोटे जुळवली आणि टायर व पत्रा यांच्यामधल्या फटीत आडवी घालून पाहिली. दोनच शिरली. तेव्हा त्याने मान वर केली आणि शांतपणे म्हटले, “दादा, चाकाला वर यायला वाटच नाही ठेवली तुम्ही.”

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. वाहन म्हणजे फिरणारे चाक, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु चाकाला फिरण्याइतकीच वरखाली होण्याचीही गरज असते, आणि ती पुरी करण्यासाठी आस व साटा, म्हणजे गाडीचे अंग, यांच्यामध्ये जी मोकळी जागा राखावी लागते तिच्यावरच बैलाचे, मालाचे आणि माणसाचे सुख अवलंबून असते, ही गोष्ट ज्यांनी जन्मभर गाड्या बांधल्या किंवा दुरुस्त केल्या त्यांनाच खऱ्या अर्थाने ठाऊक असते. मुळेच्या खोऱ्यात ही जागा कशी मिळाली, कोणी मिळवली आणि आज हौसेपोटी ती परत कशी दिली जात आहे, याचा वृत्तांत मला सांगण्याजोगा वाटतो. कारण तो सुतार, लोहार, टांगेवाले, कमानपाटेवाले आणि मिस्त्री यांचा वृत्तांत आहे, आणि या मंडळींची नोंद जमाबंदीच्या दप्तरांत फारशी सापडत नाही.

पेशवाई जाऊन इंग्रजांचा अंमल या मुलखात बसला त्या वेळी मालाची दूरवरची ने-आण मुख्यतः वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून होत असे. गाड्या नव्हत्या असे नाही; पण ज्या होत्या त्या अवजड, भरीव चाकांच्या, कित्येक ठिकाणी तर दगडी चाकांच्या, आणि चाकाबरोबर आसही फिरत असल्यामुळे वळणावर त्या अक्षरशः ओढून न्याव्या लागत. १८३०च्या दशकात सोलापूरकडच्या टेंभुर्णी येथे गेसफर्ड नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या सुधारलेल्या गाड्या बांधविण्याचा उद्योग सुरू केला, आणि त्या धाटणीची गाडी हळूहळू सबंध देशावर पसरली. पुढे शंभर वर्षे जी ‘आपली’ बैलगाडी म्हणून चित्रांतून आणि कथांतून मिरवली, तिच्या घडणीत या खटपटीचा मोठा वाटा आहे. आपल्याला अनादिकालीन वाटणाऱ्या कितीतरी वस्तूंचे वय असेच पाच-सहा पिढ्यांपलीकडे जात नाही, आणि त्यामुळे त्यांची थोरवी कमी होते असे मला कधीच वाटलेले नाही.

ही गाडी म्हणजे गावच्या सुताराच्या बुद्धीची कसोटी होती. नांगर-कुळवाची डागडुजी बलुत्यात होई, पण नवी गाडी हे स्वतंत्र काम, आणि त्याचा मोबदलाही स्वतंत्र ठरे. बाभळीचे जुने, वाळलेले लाकूड निवडायचे; मधला तुंबा घडवायचा; त्यात आरे ठोकायचे; आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठे बसवून वर्तुळ पुरे करायचे; आणि मग लोहाराने गोवऱ्यांच्या गोल आगटीत तापवून लाल केलेली लोखंडी धाव चिमट्यांनी उचलून त्या वर्तुळावर उतरवायची. धाव बसताक्षणी लाकूड पेट घेते, चहूकडून पाण्याच्या घागरी रित्या होतात, वाफेचा लोट उठतो, आणि आकसत जाणारे लोखंड साऱ्या सांध्यांना असे आवळते की ते चाक पुढे कित्येक वर्षे खिळखिळे होत नाही. ज्यांनी बालपणी हा सोहळा पाहिला आहे त्यांना त्या वाफेचा करपट वास उतारवयातही आठवतो.

एवढ्या कौशल्याने घडवलेल्या या गाडीला कमान, म्हणजे स्प्रिंग, मात्र नव्हती. साटा थेट आसावर बसे. चाक दगडावर चढले की आस चढे, आस चढला की साटा चढे, आणि साट्यावरचे पोते असो की बाळंतीण असो, तो सारा हिसका जसाच्या तसा तिच्यापर्यंत पोहोचे. यात सुताराचे अज्ञान होते असे कोणी समजू नये. बैलाची चाल मंद; त्या चालीत धक्का बसतो तो हळू, आणि लाकडाचे अनेक सांधे, दोरखंड, खाली अंथरलेला कडबा हे मिळून त्याचा थोडाफार भाग गिळून टाकतात. सुताराची खरी चिंता दुसरीच होती. दोन चाकांची गाडी म्हणजे तराजूच. बोजा थोडा मागे गेला की ती ‘उलाळ’ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाऊन त्यांच्या गळ्यांना फास बसू लागतो. बोजा पुढे गेला की तो सारा खांद्यांवर येतो. त्यातही बोजा जितका उंच, तितका चढावर तो मागे कलतो आणि उतारावर पुढे. वांबोरीच्या घाटात भरलेली गाडी चढवणाऱ्या गाडीवानाला हे कोणी शिकवावे लागत नसे. तो चढ लागताच खाली उतरून धुरेवर आपला भार टाकी. म्हणजे गाडीचे अंग जमिनीलगत आणावे ही इच्छा आजच्या मोटारवेड्या तरुणांची नव्हे. ती बैलांच्या मानेची काळजी वाहणाऱ्या माणसांची फार जुनी इच्छा आहे. विलायतेत दूधवाल्यांच्या गाड्यांचा आस मधोमध खाली वाकवून साटा जमिनीजवळ आणीत असत. आपल्याकडे ओढ्या-नाल्यांतून, चिखलाच्या चाकोऱ्यांतून जावे लागे, म्हणून उंच चाक आणि सरळ आस सोडण्याची सोय नव्हती. खोल काळ्या जमिनीत पावसाळ्यात तुंब्यापर्यंत रुतणाऱ्या गाडीला उंची हाच आधार होता.

कमानीचे युग या भागात आले ते आगगाडीच्या मागोमाग. धोंड–मनमाड हा सुमारे १४५ मैलांचा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, राहुरीला स्टेशन मिळाले, आणि स्टेशन आले की तेथून गावात जाणारा टांगाही आलाच. टांगा, शिगराम, दमणी या उतारूंच्या गाड्यांचा थाट वेगळा होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या ओबाडाया एलियट याने पोलादी पाट्यांची चवड बांधून तिच्यावर बग्गीचे अंग तोलून धरण्याची युक्ती रूढ केली होती. तीच कमान कालांतराने देशी टांग्याखाली येऊन बसली. एक लांब पाटा, त्याखाली त्याहून आखूड, त्याखाली त्याहूनही आखूड, असे सर्व मिळून धनुष्यासारखे वाकवलेले आणि मधोमध आवळलेले. भार आला की धनुष्य सरळ होऊ पाहते, भार सरला की पुन्हा वाकते. आणि पाटे एकमेकांवर घासत असल्यामुळे तो झोकाही लवकर निमतो. भार तोलणे, आसाला जागेवर धरणे आणि झोका आवरणे ही तिन्ही कामे एकच वस्तू, तक्रार न करता, दीडदोनशे वर्षे करीत आली आहे. मनुष्याने लोखंडापासून केलेल्या साध्या वस्तूंत इतकी गुणी वस्तू मला दुसरी आठवत नाही.

पण तिच्याबरोबर एक नवा हिशेब आला. टांग्याची कमान दोन इंच खाली जाणार असेल, तर ते दोन इंच कोठेतरी राखून ठेवले पाहिजेत. गाडीवानाने हौसेने मागे आणखी एक उतारू कोंबला, की कमान सरळ होते, साटा आसावर आपटतो, आणि त्या क्षणापुरता टांगा पुन्हा जुनी बैलगाडी होतो. टांग्याच्या मागच्या बैठकीवर पाठमोरे बसून ज्यांनी स्टेशन गाठले आहे, त्यांना हा ‘ठक्’ असा आवाज पाठीच्या कण्यातून ऐकू आला असेल. चाकाची वाट संपली की धक्का माणसाच्या वाटेला येतो.

राहुरीचा पुढचा इतिहास पाण्याचा आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांनी कोरडवाहू मुलूख भिजला, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना निघाला आणि १९५०च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. त्या वाटेने जाऊन राहुरीनेही आपला सहकारी कारखाना उभारला, जो पुढे डॉ. बाबुराव बापूजी तनपुरे यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. आणि बारागाव नांदूरला मुळा अडवून २६ टीएमसीचे ज्ञानेश्वर सागर धरण झाले. उसाचे शेत म्हणजे अखेर वाहतुकीचा प्रश्न आहे. ऊस तोडला की तो लवकरात लवकर गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर त्याचे वजन आणि त्यातली साखर तासागणिक घटत जाते. तेव्हा दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून आणि पाथर्डीच्या बाजूने कोयते घेऊन येणारी कुटुंबे, त्यांचे बैल, आणि कारखान्याने त्यांना दिलेली टायरगाडी, हे हंगामाचे चित्र ठरून गेले.

टायरगाडीने केलेली क्रांती मोठी आहे आणि तिच्याविषयी लिहिले मात्र फार थोडे गेले आहे. जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ साली हवा भरलेल्या रबरी धावेचे एकस्व घेतले ते सायकलीसाठी. त्याच्या नावाची कंपनी पुढे हिंदुस्थानात बैलगाडीसाठी चाके करू लागली, आणि उत्तरेकडे तर कित्येक ठिकाणी त्या गाडीलाच ‘डनलप’ म्हणू लागले. लोखंडी धावेची गाडी रस्त्याला चाकोऱ्या पाडीत असे. रबरी चाक रस्ता राखते आणि त्याच बैलजोडीकडून कितीतरी अधिक भार ओढवून घेते. कमान या गाडीलाही नाही. पण टायरमधली हवा हीच तिची कमान आहे. दगड आला की रबर बोट-दोन बोटे दबते आणि तेवढी वाट चाकाला मिळते. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक असलेले एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेसाठी आयुष्याची पुष्कळ वर्षे वेचली. देशातल्या कोटी-दीड कोटी गाड्या आणि त्या ओढणाऱ्या मुक्या जनावरांचे हाल यांकडे त्यांनी सरकारदरबारी आणि विद्वानांत लक्ष वेधले. एका उच्च विद्यापीठीय अधिकाराच्या माणसाने बैलाच्या खांद्यावरच्या वळाकडे निरखून पाहावे, याचे मला फार मोल वाटते.

मोटारींचा काळ यापूर्वीच सुरू झाला होता. सरकारी एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर या रस्त्यावर धावली. किसन राऊत तिचे चालक आणि लक्ष्मण केवटे तिचे वाहक होते. लाकडी अंगाची आणि काथ्याच्या गाद्यांची ती गाडी होती, म्हणजे उतारूला जे काही सुख मिळायचे ते खालच्या पाट्यांतूनच. तेव्हापासून हमरस्त्यांच्या कडेने एक नवा धंदा वसला. ‘कमान पाटे’ अशी पाटी लावलेली, बाहेर मोडक्या पाट्यांची रास पडलेली, आत भाता आणि ऐरण असलेली ही दुकाने गावच्या लोहारशाळेचीच धाकटी भावंडे. मोडलेला मुख्य पाटा काढून कारागीर नवा घडवतो. पोलाद लाल करून त्याला बाक देतो, फरशीवर खडूने काढलेल्या जुन्या पाट्याच्या आकृतीवर ठेवून पडताळतो, मग पुन्हा तापवून जळक्या ऑइलच्या पिंपात सोडतो. पिंपातून एकदम ज्वाळ उठते आणि काळा धूर पत्र्याला जाऊन भिडतो. ऑइलात बुडवले तरी तो म्हणतो ‘पाणी दिले’, कारण त्याच्या आज्याने कुऱ्हाडीला खरोखरच पाणी दिलेले असते. इतके झाल्यावर पोलाद काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवायचे, अंगावर निळसर झाक येईपर्यंत, आणि मग आपोआप थंड होऊ द्यायचे. ती झाक ओळखणारी नजर हेच त्या दुकानाचे भांडवल. झाक चुकली तर पाटा एक तर मोडतो, नाहीतर महिन्याभरात बसतो. ‘बसणे’ हा त्या धंद्यातला शब्द आहे: कमान बसली, म्हणजे तिचा बाक गेला आणि आसाला वर येण्याची वाट आटली. चौकटीखाली रबराचा एक ठोकळा असतो, त्याला बफर म्हणतात. कमान बसलेल्या ट्रकचा आस त्या बफरवर जाऊन वरचेवर ठोके देतो, आणि तो आवाज ओळखून हे लोक गाडी दुकानासमोर थांबण्यापूर्वीच तिचा रोग सांगतात.

इथवर साऱ्या कारागिरांची धडपड ही वाट मिळवण्याची आणि राखण्याची होती. ती मुद्दाम सोडून देण्याची कल्पना आली कुठून, याचा शोध घेतला तर आपल्याला परमुलखात जावे लागते. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात अमेरिकेत इंडियानापोलिस येथे मोटारीची चौकट आसांच्या वर न ठेवता खाली टांगणारी एक गाडी निघाली. ‘अंडरस्लंग’ हेच तिचे नाव. हेतू असा की वजन खाली आले म्हणजे वळणावर गाडी कलंडणार नाही. १९२२ साली कॅलिफोर्नियातल्या फेजॉल बंधूंनी बुटक्या अंगाची उतारू बस काढली. तेथेच, लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतून, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत एक आगळी हौस जन्मली. श्रमाने मिळवलेली जुनी गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली आणायची आणि रविवारी संध्याकाळी अगदी सावकाश रस्त्यावरून मिरवायची. आरंभी ते मागच्या डिकीत वाळूची पोती भरीत. पोत्यांच्या भाराने कमानी दबत, आणि मागच्या चाकाची सारी वाट त्या वाळूनेच खाऊन टाकलेली असे. कॅलिफोर्नियाच्या सरकारने १९५८ पासून लागू होणारा कायदा केला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या लोखंडी कड्याच्या खाली लोंबता कामा नये. त्यावर १९५९ साली रॉन अगीरे या तरुणाने विमानाच्या सामानातले हायड्रॉलिक पंप आपल्या गाडीला जोडले, म्हणजे पोलीस दिसताच गाडी उंच करावी आणि तो गेला की पुन्हा खाली आणावी. त्या लोकांना शहराच्या रुंद, गुळगुळीत रस्त्यावर, पायी चालण्याच्या वेगाने जायचे होते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. त्यांची हौस त्यांच्या रस्त्याला शोभत होती.

राहुरीचा रस्ता तसा नाही. त्याच्यावर उसाच्या गाड्या चालतात, शिर्डीला आणि शनिशिंगणापूरला जाणारी यात्रा चालते, पावसाळ्यात खड्डे पडतात, गतिरोधक कोठे किती उंच असावा याला धरबंध नाही. येथे गाडी खाली बसवायची तर मागच्या चाकाचा हिशेब मांडूनच बसवली पाहिजे, आणि तो हिशेब अवघड नाही. गाडी स्वतःच्या वजनाने स्प्रिंगला जितकी दाबते, तो दाब २५ सेंटिमीटर असेल तर गाडी सेकंदाला सुमारे एक झोका घेते, आणि तो शरीराला मानवतो. दाब सव्वासहा सेंटिमीटरवर आणला तर झोके दोन होतात, आणि तो प्रवास अंगावर येतो. चाकाला वर येण्याची जागा निम्मी केली, आणि तरीही तोच धक्का बफरला न टेकता झेलायचा असेल, तर स्प्रिंग दुप्पट नव्हे, चौपट कडक लागते. जागा एक तृतीयांश राहिली तर नऊपट. हे गणित कोणाच्या हौसेला भीक घालीत नाही. शिवाय मागच्या चाकावरचा भार कधी कायम नसतो. पुढे इंजिन असते, त्याचे वजन रोज तेवढेच. मागे आज कोणी नाही, उद्या आई-वडील आणि दोन मुले, परवा लग्नाचे सामान. म्हणून एकट्या चालकाला घेऊन चांगली धावणारी खाली बसवलेली गाडी कुटुंब बसले की कण्हू लागते. त्यात त्रास होतो तो हौस करणाऱ्याला नव्हे, मागे बसणाऱ्याला. आणि आपल्याकडे मागे बसतात त्या बहुधा घरातल्या वडीलधाऱ्या बायका.

त्या शेडीतल्या गाडीला हेच झाले होते. कोणीतरी पूर्वी मागच्या स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे ग्राइंडरने कापून टाकले होते. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग थोडी कडक होते खरी, पण लागते त्याच्या मानाने फार थोडी. त्याहून वाईट म्हणजे तिची लांबी इतकी उणी झाली होती की गाडी जॅकवर उचलताच चाक खाली लोंबले आणि स्प्रिंग आपल्या वाटीतून सुटून हाताने फिरवता येऊ लागली. एखाद्या उंचवट्यावरून गाडी उडाली तर तीच स्प्रिंग तिरकी होऊन बसेल. शॉकअपचा दांडा मूळचाच लांब, त्यामुळे तो आतल्या आत तळाला टेकत होता आणि त्याची सीळ फुटून तेल बाहेर आले होते. कारागिराने मला आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला ठाऊक नव्हती. काही गाड्यांत मागच्या ब्रेकच्या नळीवर एक झडप असते आणि तिचा दांडा आसाला जोडलेला असतो. गाडीत भार भरला, अंग खाली गेले, की ती झडप मागच्या ब्रेकला अधिक दाब देते. खाली बसवलेली गाडी रिकामी असली तरी झडपेला ती भरलेलीच वाटते. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की हलकी मागची चाके जागच्या जागी धरतात आणि गाडीची शेपटी पुढे येऊ पाहते.

कायद्याने या साऱ्याचा निकाल लावून टाकला आहे असे म्हणता येईल. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थाने वाचले. त्या कलमामागचा हेतू मला मान्य आहे. पण त्या तरुणाच्या मनात जे होते त्याला मी नुसता उनाडपणा म्हणणार नाही. दमणीच्या बैलांची शिंगे रंगवणारा, टांग्याला पितळी फुले ठोकणारा, ट्रकच्या मागे मोर काढून घेणारा माणूस आणि हा एकाच कुळातले आहेत. आपल्या हातातले वाहन जगातल्या साऱ्या वाहनांसारखे दिसू नये, ही इच्छा माणसाची आहे. मला चिंता आहे ती एवढीच की शिंगे रंगवणाऱ्याने बैलाच्या मानेला कधी धक्का लागू दिला नव्हता.

गाडीचे अंग खाली आणूनही चाकाला वाट देता येते, हे याच जिल्ह्यात डोळ्यांनी पाहायला मिळते. अहमदनगरला, ज्या शहराला आता अहिल्यानगर म्हणतात, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे आणि गाड्यांची परीक्षा घेण्यासाठी तिने बांधलेले खास रस्ते आहेत. त्याच शहरात १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. रणगाडा बुटका असावा लागतो, नाहीतर शत्रूला दुरून दिसतो. तरीही खाचखळग्यांतून भरधाव जाण्यासाठी त्याच्या चाकांना भरपूर वर यावे लागते. म्हणून पुष्कळ रणगाड्यांत पोटाखालून आडव्या पोलादी सळया घालतात, चाक एका भुजेवर बसवतात, आणि चाक उचलले की सळईला पीळ पडतो. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९५५ साली काढलेल्या गाडीत तेल आणि वायू यांच्या साह्याने भार वाढला तरी अंगाची उंची कायम राहत असे. या युक्त्या खर्चाच्या आहेत. राहुरीच्या शेडीत त्या परवडणाऱ्या नाहीत. पण त्यांच्यातले तत्त्व परवडते. जितके अंग खाली आणाल तितकी वाट दुसरीकडून शोधा, आणि सापडत नसेल तर तितके खाली आणू नका.

कारागिराने तसेच केले. कापलेल्या स्प्रिंगा काढून टाकल्या. त्यांच्या जागी मूळपेक्षा थोड्या आखूड पण जाड तारेच्या, दोन्ही टोके नीट बंद असलेल्या जोडीने बसवल्या. आखूड दांड्याचे शॉकअप घातले. बफरचा रबरी ठोकळा खालून बोटभर तासला, पण काढून टाकला नाही. “याला काढलं की लोखंडावर लोखंड,” एवढेच तो म्हणाला. मग त्याने तर्जनीवर ग्रीस घेतले आणि शॉकअपच्या चकचकीत दांड्याला वरपासून खालपर्यंत एक पातळ लेप दिला. मागच्या बाकावर शेडीतली तीन माणसे बसवली, डिकीत दोन गोणी ठेवल्या, आणि मालकाला सांगितले की उंबरे गावाच्या बाजूने शिंगणापूरच्या रस्त्याला थोडे जाऊन या, खड्डा चुकवू नका.

अर्ध्या तासाने गाडी परत आली. कारागीर पुन्हा त्याच जागी उकिडवा बसला आणि बॅटरीच्या उजेडात दांडा पाहू लागला. चाक जिथपर्यंत वर आले होते तिथपर्यंतचे ग्रीस पुसले गेले होते. त्याच्यावर, बफरच्या अगदी खाली, लेपाची बोटभर रुंद पट्टी अस्पर्श राहिली होती. त्याने ती मालकाला दाखवली. तरुणाने वाकून पाहिले, मग काही न बोलता आपली बोटे जुळवली आणि टायर व मडगार्ड यांच्यामध्ये घातली. आता तीन शिरत होती.